कॉमिकचं छापील पान पडद्यावर: 'स्पायडर-व्हर्स'सारखं दिसायला नेमकं काय लागतं?

निळी_शाई
'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) मधली दृश्यं थांबवून पाहिली की प्रत्येक चित्र कॉमिकच्या पानातून कापून काढल्यासारखं वाटतं. त्यावर माहिती शोधली की सगळीकडे तेच सापडतं: 'टूज'वर ॲनिमेट करा, हाफटोनचे ठिपके टाका, रंगांच्या कडा जरा सरकवा. ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तिन्ही करून शॉट रेंडर केला तर पात्र धक्के खात चालतं, ठिपके अंगावर न राहता अंगावरून वाहतात आणि एकूण परिणाम मोबाईलमधल्या फिल्टरसारखा येतो. चूक कुठे होते? इथे ॲनिमेशनवाले आणि छपाईवाले दोघंही आहेत, म्हणून धागा काढला. कॉमिकवरून झालेल्या बाकीच्या ॲनिमेशनपटांबद्दलही लिहा.

तिसरी_फ्रेम
धक्क्यांचं आधी सांगते, कारण ते आकड्यात दाखवता येतं.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. वन्सवर म्हणजे दर फ्रेमला नवी पोझ. टूजवर म्हणजे एक पोझ दोन फ्रेम धरून ठेवायची, सेकंदाला १२ पोझेस. आता समजा, पात्र धावतंय आणि कॅमेरा त्याच्या बरोबरीने सरकतोय. कॅमेरा वन्सवर आहे, दर फ्रेमला २० पिक्सेल सरकतो. पात्र मात्र दुसऱ्या फ्रेमला जागेवरच थांबलेलं. म्हणजे पडद्यावर ते २० पिक्सेल मागे घसरतं, तिसऱ्या फ्रेमला पुन्हा पुढे येतं. सेकंदातून १२ वेळा ही मागेपुढे थरथर. डोळ्याला पोझ दिसतच नाही, थरथर तेवढी दिसते.

उपाय: मुख्य सांगाड्याची जागा, म्हणजे रूट बोन, वन्सवर ठेवा आणि हात, पाय, कणा, मान टूजवर. जाळ्याला लटकून झोके घेताना हे उत्तम चालतं. जमिनीवर चालताना मात्र नाही, कारण टेकलेलं पाऊल धरलेल्या पोझमध्ये असतं आणि रूट पुढे गेला की पाऊल घसरतं. तिथे एकतर कॅमेराही टूजवर घ्या (हळू चाल असेल तर खपून जातं, वेगवान पॅनमध्ये पार्श्वभूमी लुकलुकते), नाहीतर पाऊल टेकलेलं असेल तेवढ्या फ्रेम वन्सवर करा.

बोरू
तिसरी_फ्रेम, नेमकं लिहिलंत. त्यात ब्लेंडरची एक भर. ग्राफ एडिटरमध्ये रूट सोडून बाकीच्या वक्रांना 'स्टेप्ड इंटरपोलेशन' मॉडिफायर लावला जातो, स्टेप साइझ २. बहुतेक जण ऑफसेट ० ठेवतात. मग मॉडिफायर ०, २, ४, ६ अशा सम फ्रेमच उचलतो. टाइमलाइन मात्र १ पासून सुरू होते आणि तुमच्या कीज (हाताने नोंदवलेल्या पोझेस) १, ५, ९, १३ वर. परिणाम असा की १३ वर ठेवलेली मुठीची धडक कधी दिसतच नाही. १२ ची पोझ १३ पर्यंत धरली जाते आणि १४ ला धडक होऊन गेलेली असते. ऑफसेट १ ठेवा, म्हणजे विषम फ्रेम उचलल्या जातील, आणि महत्त्वाच्या पोझेस विषम फ्रेमवरच ठेवा.

खरं तर मॉडिफायरवर विसंबूच नये. तो गुळगुळीत ॲनिमेशनमधून यांत्रिकपणे नमुने उचलतो, त्यामुळे दोन पोझेसमधल्या अर्धवट, ढिल्या पोझेस धरल्या जातात. चित्र धरून ठेवायचं असेल तर ते धरून ठेवण्याच्या लायकीचं हवं. कीज निवडून 'टी' दाबा, कॉन्स्टंट करा आणि प्रत्येक पोझ हाताने रचा. वेळ लागतो, त्याला इलाज नाही. एरवी मोठ्या स्टुडिओत एक ॲनिमेटर आठवड्याला साधारण चार सेकंद काढतो, या सिनेमात तो वेग आठवड्याला सुमारे एका सेकंदावर आला होता.

वाफाळता_कप
माइल्सला (सिनेमाचा नायक, नवखा स्पायडर-मॅन) शक्ती वापरता येत नाही तोवर तो अख्खा सिनेमाभर टूजवर आहे आणि इमारतीवरून उडी मारतो तिथून वन्सवर येतो, बरोबर ना? फार सुंदर कल्पना आहे ती.

तिसरी_फ्रेम
कल्पना खरी, पण 'अख्खा सिनेमाभर' हे खरं नाही. दिग्दर्शकांनी (बॉब पर्सिकेटी, पीटर रॅमझी, रॉडनी रॉथमन) आणि ॲनिमेटरांनी सांगितलेलं उदाहरण अल्केमॅक्सच्या प्रयोगशाळेतून पळून जंगलात झोके घेण्याच्या प्रसंगाचं आहे. तिथे पीटर बी. पार्कर (मुरलेला स्पायडर-मॅन) वन्सवर आहे आणि माइल्स टूजवर. एकाच चौकटीत दोघं असले की माइल्स अडखळतोय हे न सांगता कळतं, आणि झोका जमू लागतो तसा तो पीटरच्या लयीत येतो. बाकी सिनेमात शॉटच्या गरजेप्रमाणे वन्स आणि टूजची सरमिसळ आहे, कधी कधी एकाच शॉटमध्ये. फ्रेमवर थांबत थांबत पाहिलंत तर सिनेमाच्या सुरुवातीलाही माइल्स वन्सवर सापडेल.

खडूफळा
माझं मत जरा वेगळं आहे. ठिपके आणि टूज यांनाच 'कॉमिकचं रूपांतर' म्हणायचं का? 'बॅटमॅन: द डार्क नाइट रिटर्न्स' दोन भागांत आला, २०१२ आणि २०१३ मध्ये, जे ऑलिव्हाच्या दिग्दर्शनात. फ्रँक मिलरच्या १९८६ च्या कॉमिकमधले प्रसंग आणि पुष्कळशा रचना जवळपास तशाच घेतल्या आहेत. गोष्टीशी प्रामाणिक राहणं म्हणजे रूपांतर. 'स्पायडर-व्हर्स' नावाची कॉमिकमालिका २०१४-१५ मध्ये आली, तिचा मुख्य लेखक डॅन स्लॉट. तिच्यातले खलनायक, मॉर्लन आणि त्याचं कुटुंब, सिनेमात नाहीत; किंगपिन या खलनायकाचा कोलायडर (दुसऱ्या विश्वांची दारं उघडणारं यंत्र) सिनेमावाल्यांनी आणला. मग रूपांतर कशाचं केलं?

निळी_शाई
@खडूफळा, माइल्सचं तर घेतलं ना? 'अल्टिमेट' मालिकेतला पीटर मरतो आणि माइल्स पुढे येतो, ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिचेली यांचं, २०११ चं.

बोरू
खडूफळा, तुमचंच उदाहरण उलटं पडतं. मिलरच्या त्या कॉमिकचा जीव दोन गोष्टींत आहे. एक, १६ चौकटींची जाळी, जिच्यात टीव्हीचे छोटे छोटे पडदे बोलत राहतात आणि मग अचानक अख्ख्या पानाचं चित्र अंगावर येतं. दुसरं, क्लाउस जॅन्सनची खरबरीत शाई आणि लिन व्हार्लीचे रंग. सिनेमात ब्रूसचं मनातलं बोलणं काढून टाकलं, रेषा एकसारखी आणि स्वच्छ केली, चौकटींची लय गेली. प्रसंग तेच राहिले, पान हरवलं. चांगला सिनेमा आहे तो, पण कॉमिक वाचताना जो ताण येतो तो त्यात येत नाही.

'स्पायडर-व्हर्स'ने उलट केलं. गोष्ट मोकळेपणाने बदलली आणि पान जपलं. माइल्सला कोळी चावतो, त्यानंतर त्याच्या मनातलं बोलणं पिवळसर चौकोनांत दिसायला लागतं. त्याच्या जगात कॉमिकची भाषा शिरते ती त्या चाव्यातून. नुसती सजावट असती तर पहिल्या मिनिटापासून चौकोन दिसले असते.

खडूफळा
चाव्याचा मुद्दा मान्य. तरी एक आग्रह सोडणार नाही: पात्राचं वळण कॉमिकमधून आलं नसतं, तर नुसत्या ठिपक्यांनी सिनेमा उभा राहिला नसता.

छापखाना
आता ठिपक्यांकडे येऊ. सगळा गोंधळ इथेच होतो.

बेन-डे ठिपके आणि हाफटोन या दोन वेगळ्या गोष्टी. बेंजामिन डे (धाकटा) याने १८७९ च्या सुमारास काढलेल्या पद्धतीत ठिपके एकाच मापाचे, एकसारख्या अंतरावर. त्यातून सपाट फिका रंग मिळतो, म्हणजे लाल ठिपके विरळ छापले की गुलाबी. हाफटोनमध्ये ठिपक्याचं माप बदलतं: गडद जागी मोठा, उजळ जागी बारीक, त्यातून छटा मिळते. गालावर सपाट गुलाबी हवा असेल तर बेन-डे, गालावरून हनुवटीखाली उतरणारी सावली हवी असेल तर हाफटोन.

चार रंगांच्या छपाईत प्रत्येक रंगाच्या जाळीचा कोन वेगळा असतो: साधारणपणे निळा (सायन) १५ अंश, किरमिजी (मॅजेंटा) ७५, पिवळा ०, काळा ४५. सगळ्या जाळ्या एकाच कोनात ठेवल्या आणि कागद जरासा सरकला की नको त्या लाटा दिसतात, ज्याला मोआरे म्हणतात. एकच जाळी वापरणार असाल तर ४५ अंशात ठेवा. सरळ उभ्या-आडव्या रांगा डोळ्याला लगेच टोचतात.

आणि सरकलेले रंग. छापताना प्लेटी नीट जुळल्या नाहीत की कडेला लाल-निळी किनार येते. स्पायडर-व्हर्सने या दोषाला काम दिलं. लेन्सने मागची वस्तू धूसर व्हायची त्या जागी रंग फुटलेले दिसतात. फोकस जिथे आहे तिथे प्लेटी जुळलेल्या, फोकसबाहेर सरकलेल्या. थिएटरात कित्येकांना वाटलं की चष्म्याशिवाय थ्रीडी दाखवताहेत.

पडदामागे
छापखाना, 'दोषाला काम दिलं' हे अगदी पटलं. फिल्टर आणि या सिनेमात फरक तिथेच आहे. त्यांनी काहीतरी काढून टाकलं आणि रिकाम्या जागी छापील गोष्ट बसवली. मोशन ब्लर (वेगामुळे येणारा धूसरपणा) काढला, त्या जागी वेगाच्या रेषा आणि ताणलेले, दुहेरी हात-पाय आले. धूसर फोकस काढला, तिथे सरकलेले रंग आले. मऊ छटा काढल्या, तिथे ठिपके आणि आडव्या-तिरप्या रेघोट्या आल्या. निळी_शाई, तुमच्या शॉटमध्ये मोशन ब्लर चालू, डेप्थ ऑफ फील्ड (फोकसबाहेरचं धूसर होणं) चालू, गालावर मऊ सावली, आणि या सगळ्यावर ठिपके, असं असणार. दोन पद्धती एकमेकींवर चढल्या की फिल्टरच दिसणार.

हा सिनेमा ॲनिमेट करणारी सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स रेंडरसाठी आर्नोल्ड हे सॉफ्टवेअर वापरते. खऱ्यासारखा प्रकाश दाखवणं हेच त्याचं काम, त्यामुळे ती सवय मोडण्यातच कष्ट गेले. पहिले दहा सेकंद मनासारखे दिसायला साधारण वर्ष लागलं.

निळी_शाई
@पडदामागे, तिन्ही चालू होत्या! डेप्थ ऑफ फील्ड काढलं तर मागची गर्दी अंगावर येईल अशी भीती होती. रंग सरकवायचे कसे? आणि ठिपके वाहतात त्याचं काय?

पडदामागे
रंग: कंपोझिटरमध्ये 'सेपरेट कलर', लाल चॅनेलला 'ट्रान्सलेट'ने ३ पिक्सेल डावीकडे, निळ्याला ३ उजवीकडे, हिरवा जागेवर, मग 'कम्बाइन कलर'. हे झालेलं चित्र आणि मूळ चित्र 'मिक्स'ने जोडा, फॅक्टरला मिस्ट पासचा (कॅमेऱ्यापासूनचं अंतर दाखवणाऱ्या करड्या चित्राचा) मास्क द्या. फोकसच्या अंतरावर मास्क पूर्ण काळा हवा. मास्क विसरलात तर चेहऱ्यावरही रंग फुटतात आणि बघणाऱ्याचं डोकं दुखतं. काळ्या रेषांचा पास वेगळा रेंडर करून सगळ्यात शेवटी वर ठेवा, सरकवू नका. छपाईतही काळ्याची प्लेट वेगळीच असते, म्हणून रंग सरकले तरी चित्र वाचता येतं. मागच्या गर्दीसाठी तपशीलच कमी करा: लांबच्या खिडक्या सपाट चौकोन, लांबची माणसं दोन-तीन रंगांचे डाग.

ठिपके: ते दोन प्रकारे बिघडतात. यूव्हीवर, म्हणजे पात्राच्या पृष्ठभागावर, चिकटवले की पात्र लांब गेल्यावर बारीक होऊन चमचमतात, गालाच्या वळणावर लांबुळके होतात. पडद्याला चिकटवले की पात्र ठिपक्यांच्या जाळीमागून सरकत गेल्यासारखं दिसतं. हे दुसरं तुमच्याकडे झालंय. मधला मार्ग असा: टेक्स्चर कोऑर्डिनेटमधलं 'विंडो' घ्या, एक्सला १.७८ ने गुणा (१६:९ असेल तर; नाही गुणलं तर ठिपके लंबगोल होतात), मग ४५ अंश फिरवा. व्होरोनॉई टू-डी, रँडमनेस ०, स्केल १२०. १०८० उंचीच्या चित्रात ठिपक्यांमधलं अंतर ९ पिक्सेल येतं. 'शेडर टू आरजीबी'मधून आलेल्या उजेडाशी त्याची तुलना करा, म्हणजे अंधार वाढेल तसा ठिपका फुगेल. 'शेडर टू आरजीबी' ब्लेंडरच्या ईव्ही या रेंडर इंजिनमध्येच चालतो, सायकल्समध्ये नाही. मग जाळीच्या लोकेशनला पात्राच्या रूटची पडद्यावरची जागा जोडा, की जाळी पात्राबरोबर सरकेल पण ठिपक्याचं माप बदलणार नाही.

एवढं करूनही ठिपके सगळ्या अंगभर टाकू नका. उजेडाचा भाग सपाट, गडद सावली सपाट, मधल्या पट्ट्यातच ठिपके.

वाफाळता_कप
आणि बाह्यरेषा? सॉलिडिफाय लावून नॉर्मल उलटे केले की सगळीकडे छान काळी कड येते.

बोरू
येते, आणि तिथेच घात होतो. सगळीकडे सारख्या जाडीची कड म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचा टून शेडर. स्पायडर-व्हर्समध्ये चेहरा नीट पाहा: बाहेरची कड बऱ्याच ठिकाणी नाहीच. रेषा आहेत त्या आत, भुवईच्या वरची आठी, नाकाची बाजू, ओठाच्या कोपऱ्यातली घडी. भाव बदलला की रेषा बदलते. चित्रकारांनी या रेषा थ्रीडी चेहऱ्यावर काढल्या, पुढच्या फ्रेममध्ये रेषा कुठे जाईल याचा अंदाज मशीन लर्निंगने बांधला आणि चुकेल तिथे माणसाने दुरुस्त केली. घरी करायचं तर ग्रीस पेन्सिलने फक्त धरलेल्या पोझेसवर रेषा काढा. सेकंदाला १२ पोझेस असल्या तरी रेषा बदलणाऱ्या त्यातल्या निम्म्याच असतात.

पाटीपेन्सिल
कापडाबद्दल कुणी लिहिलं नाही. टूजवरच्या पात्राला जॅकेटचं क्लॉथ सिम्युलेशन लावलं की ते फडफडतं. कारण सिम्युलेशनला एका फ्रेममध्ये दोन फ्रेमची हालचाल मिळते, पुढच्या फ्रेमला शून्य, म्हणजे दर वेळी हिसका. आधी स्टेप्ड मॉडिफायर म्यूट करून गुळगुळीत हालचालीवर कापड बेक करा, अलेम्बिक फाइल म्हणून बाहेर काढा, परत आणा, कॅशेमधलं 'ओव्हरराइड फ्रेम' चालू करून त्या फ्रेमच्या आकड्यालाच स्टेप्ड मॉडिफायर लावा. शरीराचा ऑफसेट १ असेल तर कापडाचाही १. नाही जुळला तर कापड शरीराच्या एक फ्रेम मागे राहतं आणि खांदे जॅकेटमधून बाहेर येतात.

छापखाना
थोडं विषयांतर, पण आपल्या घराजवळचं. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (२०२३) मधलं मुंबाटन (मुंबई आणि मॅनहॅटन मिसळलेलं काल्पनिक शहर) ज्यांना आवडलं त्यांनी जुने इंद्रजाल कॉमिक्स काढून बघावेत. मुंबाटनच्या दृश्यशैलीमागे इंद्रजालचा संदर्भ आहे. टाइम्सच्या बेनेट, कोलमनने मुंबईतून मार्च १९६४ मध्ये ते सुरू केले आणि १९९० पर्यंत चालवले. मराठीतही निघायचे, वेताळ आणि मँड्रेक आपल्याकडे घरोघरी पोचले ते त्यातूनच. त्याच सिनेमात ग्वेन या स्पायडर-वुमनच्या जगात रंग ओघळतात, भावनेप्रमाणे भिंतींचे रंग बदलतात. मुंबाटनमध्ये रंग भडक आणि ठाम, रेषा शाईची, मजल्यावर मजला चढवलेलं शहर. एका सिनेमात दोन छापखाने चालवलेत!

खडूफळा
मुंबाटनचा स्पायडर-मॅन, पवित्र प्रभाकरही कॉमिकमधूनच आला, बरं का. 'स्पायडर-मॅन: इंडिया', २००४; शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग. कॉमिकमध्ये तो धोतर नेसतो, सिनेमात ते वळण पोशाखात जपलंय. हालचाल कलरीपयट्टूवरून घेतली आहे, म्हणून तो बाकीच्या कोळ्यांपेक्षा जास्त वळतो आणि वाकतो. इथे गोष्टही आहे आणि पानही.

वाफाळता_कप
मग धडाम-धुडूम देवनागरीत टाकलं तर? आपल्या शॉटमध्ये इंग्रजी अक्षरं कशाला हवीत?

छापखाना
टाकाच, फार छान दिसतं, फक्त शिरोरेषा सांभाळा. रोमन अक्षरं एकेक करून उडवता येतात. देवनागरीत 'धडाम' मधली अक्षरं वेगळी केली की शिरोरेषा तुटते आणि शब्द वाचता येत नाही. म्हणून शिरोरेषेलाच हलवा: तिला कमानीसारखं वाकवा किंवा धडकेच्या जागी तडा द्या, आणि अक्षरं तिला लटकलेली राहू द्या. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने फुग्यात वर-खाली जागा जास्त सोडा, नाहीतर ओळी एकमेकींत घुसतात.

ब्लेंडरच्या टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये थेट मराठी लिहू नका. जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते. इंकस्केपमध्ये लिहा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, एसव्हीजी म्हणून आणा. मग त्या कर्व्हला जाडी देता येते, वाकवता येतं.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मोशन ब्लर आणि डेप्थ ऑफ फील्ड बंद केलं, रूट वन्सवर घेतला, ऑफसेट १ केला. झोक्याचा शॉट पहिल्यांदाच कॉमिकसारखा दिसतोय. एकच अडचण उरली आहे: कॉम्प्युटरवर ठिपके स्वच्छ दिसतात, व्हिडिओ अपलोड केला की राखाडी चिखल होतो.

पडदामागे
ते कॉम्प्रेशनमुळे. बारीक, तीव्र कडांचे ठिपके एच.२६४ ला (व्हिडिओ आकसण्याच्या पद्धतीला) झेपत नाहीत. ठिपक्यांमधलं अंतर ९ वरून १२ पिक्सेल करा, म्हणजे व्होरोनॉईचं स्केल ९०. १०८० चा शॉट २१६० ला रेंडर करून तसाच चढवा. व्होरोनॉईचं स्केल चित्राच्या उंचीवर बेतलेलं असल्याने ते बदलावं लागत नाही. रंग सरकवलेले पिक्सेल मात्र ३ चे ६ करा. ठिपका आणि त्यामागचा रंग यांच्यातला फरकही कमी ठेवा: पांढऱ्यावर काळा ठिपका नको, त्वचेच्या रंगावर त्याच रंगाची गडद छटा.

तिसरी_फ्रेम
आणि एक्स्पोर्ट २४ फ्रेमवरच करा. टूजवर आहे म्हणून १२ वर करू नका, कॅमेरा आणि रूट वन्सवर आहेत. एडिटिंगच्या टाइमलाइनचा वेग २५ किंवा ३० असेल तर काही पोझेस दोन फ्रेम आणि काही तीन फ्रेम धरल्या जातात आणि गेलेले धक्के परत येतात. प्रोजेक्ट उघडताच आधी तो आकडा बघा.